कळलं तेव्हा कसं वाटलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून

औषधांच्या रांगेत भेटणाऱ्या आया विचारतात, त्यांना आपल्या मुलांना एचआयव्हीबद्दल सांगायचं असतं. नवे समुपदेशक विचारतात. मी "धक्का बसला" म्हणते आणि सुटते. ते खोटं आहे.

मला एचआयव्ही आहे हे सांगितलं गेलं तेव्हा मी 13 वर्षांची होते. कळलं होतं त्याच्या आठेक महिने आधी. तोवर 'रक्त कमी आहे' म्हणून गोळ्या होत्या आणि बाबा काविळीने गेले होते. आई डबीवरचं लेबल सोलून टाकायची. एकदा ते अर्धवट निघालं आणि 'लॅमिव्हु' एवढी अक्षरं मागे राहिली. पुढचं नाव शोधायला कितीसा वेळ लागतो? लॅमिव्हुडिन, एचआयव्हीवरचं औषध.

मग तो दिवस. दार लावून घेतलेलं, आई शेजारी. समुपदेशक बाईंनी कागदावर शरीरातले सैनिक काढले, एक शत्रू काढला. गोळी शत्रूला झोपवते, गोळी चुकली की तो जागा होतो. लहान मुलांना सांगतात तसं. मग म्हणाल्या, "या शत्रूचं नाव काय असेल?" नाव माझ्या जिभेवर होतं. मी आईकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत रुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मी म्हटलं, "माहीत नाही." बाईंनी नाव सांगितलं आणि मी चेहरा पाडला. ठरवून पाडला. आई रडायला लागली, "माझ्यामुळे गं" म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि बाई फाइलमध्ये लिहीत होत्या ते उलटं वाचत होते : 'मुलीने समजून घेतले.' बाहेर पडताना आईचं पहिलं वाक्य होतं, "कुणाला बोलू नकोस हं." मामाला आणि मावशीला माहीत होतं, हे नंतर कळलं.

त्यानंतर चार महिने मी गोळ्या संडासात टाकल्या. याला वयाचा बंडखोरपणा म्हणू नका. बरं, थोडा होताही. पण विषाणूवर रागच नव्हता माझा. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चढला, औषध जुमानेनासं झालं, गोळ्या बदलाव्या लागल्या. ते नुकसान माझ्या हातचं, आईचं नव्हे.

मुलांना शाळकरी वयातच, झेपेल तसं, टप्प्याटप्प्याने सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011मध्येच म्हटलंय. तेरा वर्षांची मी हा कागद आईच्या तोंडावर फेकला असता. आताची मी विचारते, सातव्या वर्षी सांगितलं असतं आणि तू वर्गात बोलून बसली असतीस तर? ती म्हणते, मग बोलले असते. दोघींचं जमत नाही.

एका गोष्टीवर मात्र अजून चिडते. नियमित औषधाने विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्या खोलीत सैनिक होते, शत्रू होता, पण मी पुढे कुणावर प्रेम करेन ही शक्यताच नव्हती. ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, तेही मीच विचारलं म्हणून.

आई अजून लोकांसमोर यावर बोलत नाही, पण माझ्याशी बोलताना म्हणते, "किती शांतपणे ऐकून घेतलंस तू तेव्हा." मी "हो" म्हणते. लेबलाचं तिला सांगितलेलं नाही.