पिसदुऱ्याची डायरी, लखनौचे दोन महिने: समर रिसर्च फेलोशिपचा माझा अनुभव

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर एक पीडीएफ येते, वर तीन अकॅडमींची नावं असतात, आणि बहुतेक जण ती उघडतसुद्धा नाहीत. मीही उघडली नव्हती. एमएस्सी जिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला होतो, नागपुरात होस्टेलला राहायचो, घर काटोलकडे. डिपार्टमेंटचे लॅब अटेंडंट काका त्या पीडीएफची प्रिंट काढून बोर्डावर लावत होते आणि मी बाजूनं जात होतो, तर त्यांनी हाक मारली, "हे वाचून पाह्य ना, यात तुमचा बी विषय हाय." वाचलं तर खरंच होता, अर्थ अँड प्लॅनेटरी सायन्सेस. तोपर्यंत मला वाटायचं अशा गोष्टी फिजिक्स केमिस्ट्रीवाल्यांसाठी असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस (सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये काढलेली), दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया), या तिघी मिळून ही समर रिसर्च फेलोशिप देतात. निवड झाली की देशातल्या एखाद्या संशोधन संस्थेत एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करायचं, दर महिन्याला फेलोशिप मिळते, रेल्वेचं भाडं मिळतं, शेवटी रिपोर्ट द्यायचा. आणि ही फक्त विद्यार्थ्यांसाठी नाही, कॉलेजच्या शिक्षकांसाठीपण आहे. हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं पण स्टाफरूममध्ये फारसं कोणाला माहीत नव्हतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

फॉर्म ऑनलाइन असतो. दहावी, बारावी, बीएस्सी सगळ्या मार्कशीट स्कॅन करून ठेवायच्या, हे काम एका दिवसाचं. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, म्हणून फॉर्ममध्ये सगळीकडे दहावीचंच नाव ठेवलं आणि नंतर काही अडचण आली नाही. खरी मेहनत दोनच गोष्टींना लागली, एक तुम्हाला काय काम करायचंय ते मोजक्या शब्दांत लिहायचं, आणि दुसरं शिक्षकांचं शिफारसपत्र.

मी पहिल्यांदा जे लिहिलं ते नेटवरून पाहून लिहिलं. लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, देशासाठी काही करायचंय, आधुनिक उपकरणं शिकायचीयेत, असं सगळं. ते घेऊन आमच्या सरांकडे गेलो, लास्ट डेटला चार दिवस राहिले होते. सर पेपर तपासणीच्या गडबडीत होते तरी बसवून घेतलं, वाचलं, कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "हे कोनीही लिहू शकते. यात तू कुठं आहे?" आणि मग जे बोलले ते मला जास्त लागलं. म्हणाले, "पत्र देतो मी, पन तुझ्याबद्दल मी काय लिहू? मले तू हजेरीपुरताच माहीत आहे बेटा." रागानं नाही म्हणाले, अगदी साधेपणानं म्हणाले, आणि ते खरं होतं. सहा महिन्यांत मी त्यांच्या केबिनमध्ये एकदाही एखादा प्रश्न घेऊन गेलो नव्हतो, मागच्या बेंचवर बसून नोट्स उतरवायचो आणि होस्टेलला परत.

रात्री झोप लागली नाही. मग डोक्यात आलं की माझ्याकडे दाखवण्यासारखी एक गोष्ट आहे, फील्ड डायरी. बीएस्सीला असताना आमच्या मॅडमनी आम्हाला वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला नेलं होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, चंद्रपूर जिल्ह्यातलं हे छोटं गाव जगभरच्या डायनोसॉरवाल्या लोकांना माहीत आहे. तिथल्या शेतांमध्ये लाल मातीत, म्हणजे लॅमेटा फॉर्मेशन या डायनोसॉरच्या काळातल्या थरांमध्ये, डायनोसॉरची हाडं आणि कोप्रोलाइट सापडतात. कोप्रोलाइट म्हणजे विष्ठेचा दगड झालेला. शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मी त्या दिवशी डायरीत अकरा पानं लिहिली होती, मातीचा रंग, थराची जाडी, कुठला तुकडा बांधापासून किती पावलांवर दिसला, सगळं, आणि शेवटी एक प्रश्न लिहून ठेवला होता की हे जनावर खात काय होतं आणि ते आपल्याला कसं कळणार.

दुसऱ्या दिवशी ती डायरी सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली, मधे दोन फोन आले ते उचलले नाहीत. मग विचारलं, "या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं का तुले?" मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर २००५ चा एक पेपर उघडून दाखवला, सायन्स या जर्नलमधला, वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांचा. पिसदुऱ्याच्याच कोप्रोलाइटमध्ये त्यांना गवताचे फायटोलिथ सापडले. फायटोलिथ म्हणजे झाडाच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, झाड कुजून गेलं तरी ते राहतात, आणि त्यांच्या आकारावरून कोणत्या गटातली वनस्पती ते ओळखता येतं. त्याआधी सगळे समजत होते की गवतांचा पसारा डायनोसॉर संपल्यावर वाढला. आमच्या विदर्भातल्या शेतात पडलेल्या त्या दगडांमुळे कळलं की क्रेटेशस, म्हणजे डायनोसॉरचा शेवटचा काळ, संपायच्या आधीच भारतात गवताचे वेगवेगळे गट होते. आणि हे काम ज्या संस्थेत झालं ती लखनौची बिरबल साहनी इन्स्टिट्यूट, म्हणजे बीएसआयपी.

मला आधी आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं. मी त्या धुऱ्यावर बसलो होतो, तो दगड हातात घेतला होता, आणि तीन वर्षं जिओलॉजी शिकून मला हे माहीत नव्हतं. परीक्षेत लॅमेटावर दहा मार्कांचा प्रश्न लिहिला होता मी, पूर्ण मार्क पडले होते.

त्या रात्री परत लिहायला बसलो. आवड वगैरे सगळं काढून टाकलं. पिसदुरा, त्या दिवशी काय पाहिलं, कुठला प्रश्न पडला, आता कोणती पद्धत शिकायची आहे आणि ती शिकून परत येऊन काय करता येईल, एवढंच. इंग्रजी साधंच होतं माझं, सरांनी दोन ठिकाणी क्रियापद दुरुस्त केलं, बाकी हात लावला नाही. शिफारसपत्रही त्यांनी वेळेत दिलं. त्यात काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही, पण डायरी त्यांनी दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतली होती.

नंतर वाट पाहणं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. फिजिक्सच्या रूममेटचं झालं नाही, त्याला फार वाईट वाटलं कारण मार्क त्याचे माझ्यापेक्षा बरेच जास्त होते. मार्चमध्ये एका दुपारी मेल आला, लखनौ, बीएसआयपी. मी तो मेल घेऊन आधी काकांकडे गेलो, बोर्डावर कागद लावणाऱ्या. त्यांनी सगळा वाचायला लावला, मग मराठीत सांगायला लावला.

घरी सांगणं सोपं नव्हतं. आमची कोरडवाहू शेती, थोडी संत्री, आणि जूनमध्ये पेरणी. आमची उन्हाळी परीक्षा लांबत लांबत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपणार, म्हणजे मे मध्ये जाणं शक्यच नव्हतं. लखनौच्या गाईड मॅडमना मेल केला, परीक्षेचं टाइमटेबल जोडलं, जूनमध्ये जॉइन होऊ का विचारलं, त्यांचा दोन ओळींत होकार आला. हे मुद्दाम लिहितोय कारण नागपूरचे बरेच जण परीक्षेच्या तारखा आड येतात म्हणून फॉर्मच भरत नाहीत. आधी विचारा, स्पष्ट मेल करा. आमच्या विभागप्रमुखांनी ना हरकत पत्र दिलं आणि जुलैच्या तासांचं सांभाळून घेतलं.

पण जून म्हणजे नेमकी पेरणी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पैसे देते का ते लोक?" मी हो म्हणालो. "मंग पेरनीले मानूस लावता येते. जाय." आईनं डोळे पुसले आणि तिखट, शेवया, लोणचं बांधायला घेतलं.

पैशांचं मात्र नीट समजून घ्या. फेलोशिप मिळते पण गाडीत बसल्याबरोबर हातात येत नाही, मला पहिली रक्कम जॉइन झाल्यावर काही दिवसांनी आली, तोपर्यंत रूमचं भाडं, डिपॉझिट, मेस हे सगळं खिशातूनच करावं लागलं, मी मामाकडून उसने घेऊन गेलो होतो. तिकीट जपून ठेवा. जायच्या आधी बँक खातं चालू आहे का, केवायसी झालंय का ते पाहून घ्या, माझं गावाकडच्या शाखेतलं खातं बंद पडलेलं निघालं आणि त्यासाठी परीक्षेच्या मधल्या सुट्टीत गावी जाऊन यावं लागलं.

राप्तीसागर एक्सप्रेसनं गेलो. रूम डालीगंजला मिळाली, तिथून इन्स्टिट्यूट पायी जाण्याजोगी. गरमीचं मला विशेष काही नाही वाटलं, नागपूरच्या माणसाला काय वाटणार. पहिल्याच दिवशी मॅडमनी संस्थेची कोनशिला दाखवली. साधा दगड नाही तो, त्यात ठिकठिकाणचे जीवाश्म बसवलेले आहेत. ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंच्या हस्ते ती बसवली आणि लगेच १० एप्रिलला संस्थेचे संस्थापक बिरबल साहनी वारले, बांधलेली इमारत त्यांनी पाहिलीच नाही. साहनींनी आपल्याकडच्या दख्खनच्या लाव्हा थरांमधल्या जीवाश्म वनस्पतींवर खूप काम केलंय, छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानचं त्यात मोठं नाव. म्हणजे नागपूरहून सौंसरकडे जाणाऱ्या बशीत बसलं की पोचतो त्या भागातलं. मी त्या दगडासमोर बराच वेळ उभा होतो.

कामाबद्दल सांगायचं तर मला वाटलं होतं कोप्रोलाइट हातात देतील. तसं नसतं आणि नसायलाच पाहिजे. मॅडम म्हणाल्या, जुन्या गवताचे कण ओळखायचे असतील तर आधी आजच्या गवताचे ओळखता यायला हवेत, म्हणून मला रेफरन्स स्लाइड, म्हणजे तुलनेसाठीच्या स्लाइड, बनवायला बसवलं. पानं धुवायची, वाळवायची, बारीक कापायची, फ्यूम हूडमध्ये (अ‍ॅसिडची वाफ बाहेर ओढणारं कपाट) नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये गरम करायची म्हणजे सेंद्रिय भाग जातो आणि सिलिका उरते, मग सेंट्रिफ्यूज करून पुन्हा पुन्हा धुवायचं, मग स्लाइड. शेजारच्या लॅबमध्ये परागकणांचं काम चालायचं, तिथे खडक विरघळवायला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड वापरतात, ते काचसुद्धा खातं म्हणून प्लास्टिकमध्ये ठेवतात, आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. फायटोलिथसाठी ते चालतही नाही, कारण फायटोलिथ स्वतःच सिलिकाचे.

पहिले दहा दिवस माझ्या एकाही स्लाइडमध्ये नीट काही दिसलं नाही, नुसता कचरा. धुणं कमी पडत होतं. आमच्या कॉलेजात एक मायक्रोस्कोप आठ जणांत असायचा त्यामुळे फोकस करायचीसुद्धा सवय नव्हती. तिथल्या एका पीएचडी करणाऱ्या ताईंनी शेजारी बसवून, हात धरून शिकवलं. अकराव्या दिवशी ज्वारीच्या पानातले कण दिसले, डंबेलसारखे, एकामागे एक रांगेत. आणि नंतर हरळी. हरळीचे कण खोगिरासारखे असतात, दोन्ही बाजूंनी खोलगट.

मी मोबाइलनं आयपीसमधून फोटो काढला आणि संध्याकाळी बाबांना पाठवला. पेरणी झाली होती, पाऊस दडी मारून बसला होता, मी विचार करत होतो की आत्ता यांना हे पाठवावं की नाही. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "हे हरयीत असते?" हो म्हटलं. "मी जलमभर उपटून राहिलो ते, अन् आतमधे असं असते?" मग त्यांनी विचारलं की कुंद्यात, म्हणजे शेतातल्या त्या चिवट गवतात, कसं असते. मी म्हणालो माहीत नाही, इथे कुंदा मिळाला नाही. 

रिपोर्ट ऑगस्टमध्ये दिला. परत आल्यावर बीएस्सीच्या मॅडमना भेटायला गेलो, ज्यांनी पिसदुऱ्याला नेलं होतं. चौदा वर्षांपासून शिकवतात त्या, आणि शिक्षकांनाही अर्ज करता येतो हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, आता या वयात कुठे. मी काही बोललो नाही, मोबाइलमधले स्लाइडचे फोटो दाखवले. त्यांनी दोन बोटांनी मोठे करून करून पाहिले, आणि दिवाळीनंतर एक दिवस त्यांचा मेसेज आला, फॉर्ममध्ये काय काम करायचंय तिथे अडले आहे, कॉलेजला येतोस का.

मी गेलो तेव्हा पिसदुऱ्याची डायरी सोबत नेली, आणि कागदात गुंडाळलेला कुंदापण. बाबांनी धुऱ्यावरून मुळासकट उपटून दिला होता. आता तो आमच्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये वाळतोय, नायट्रिक अ‍ॅसिडची मागणी टाकली आहे.