बाकीचे साठ कुठे?

आधी हे सांगते, नंतर विसरायला होईल: परदेशातून आर्ट प्रिंट मागवणार असाल तर विक्रेत्याला कळवा, बिलावर चित्राच्या नावात ‘नंबर’ शब्द घालू नका म्हणून. माझे एकोणीस दिवस त्यात गेले.

मला अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोचं ‘नंबर ६१, रस्ट अँड ब्लू’ हवं होतं. १९५३ सालचं चित्र, मूळ लॉस एंजेलिसच्या समकालीन कलेच्या संग्रहालयात. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले सोनं घे. मी निळा रंग घेतला. साधं पोस्टर नको होतं, आमच्या नाशिकच्या उजेडात ते लवकर विटतं. म्हणून शंभर टक्के कापसाचा आम्लरहित कागद, त्यावर पिगमेंट शाईची छपाई. कागद मॅटच घ्या. रॉथ्कोने पातळ रंगाचे थरांवर थर दिलेले असतात, ते आतून उजळल्यासारखे वाटतात. चकचकीत कागदावर त्यात घरची ट्यूबलाइट दिसते.

ऑर्डर, पैसे, छपाई, विमान, सगळं आठ दिवसांत झालं. मग मेसेज आला, पार्सल ‘होल्ड’वर. कुरिअरच्या ऑफिसला फोन लावला.

“मॅडम, डिक्लेरेशनमध्ये एकसष्ट नग आहेत आणि पार्सलमध्ये एकच.”

“मी एकच मागवलंय.”

“मग बिलावर नंबर एकसष्ट कसं?”

“ते चित्राचं नाव आहे.”

“काय नाव आहे?”

“नंबर एकसष्ट.”

“तेच तर म्हणतेय मी, मॅडम.”

आपल्याकडे बिलात ‘नंबर’ म्हणजे नग. त्यांच्याकडे ज्याने कुणी माहिती भरली त्याने वर्णनातला एकसष्ट उचलून नगांच्या रकान्यात टाकला. एकसष्ट नग म्हटल्यावर तो व्यापारी माल झाला, आणि व्यापारी माल म्हणून आयात-निर्यात कोड मागितला. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूला तो लागत नाही, हे मी तीन मेलमध्ये लिहिलं. उत्तरात पुन्हा केवायसी मागितलं. आधार दिलं, पॅन दिलं. मग म्हणाले, कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या. माझी कंपनी म्हणजे मी आणि एक मांजर.

तोवर जून उजाडला. कापसाचा कागद हवेतली ओल पितो, आणि प्रिंट गुंडाळून घातलेली माझी नळी गोदामात कुठे पडली असेल देव जाणे. झोप येईना तेव्हा हार्वर्डची चित्रं आठवायची. रॉथ्कोने त्या विद्यापीठासाठी साठच्या दशकात भित्तिचित्रं केली, जेवणाच्या दालनात लावली. त्यातलं लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य उन्हाने उडालं आणि १९७९ मध्ये ती उतरवावी लागली. २०१४ मध्ये तिथल्या संग्रहालयाने त्यांवर प्रोजेक्टरने रंगीत प्रकाश टाकून मूळ रंग दाखवले. मूळ चित्राची ही गत, आणि मी शंभर वर्षं टिकण्याचं प्रमाणपत्र असलेल्या प्रिंटसाठी जागत बसले होते.

आपल्या अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं मागवलं असतं तर? ते १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले होते, पण त्यांच्या बहुतेक चित्रांना नावच नाही. मग वर्णनाचा रकाना रिकामा म्हणून अडलं असतं.

शेवटी बँकेची सवय कामी आली. विक्रेत्याकडून नवं बिल मागवलं आणि नगसंख्या अक्षरी लिहायला लावली: एक फक्त. सोबत माझं पत्र, संग्रहालयातल्या मूळ चित्राचा फोटो, आणि ‘शीर्षकातील आकडा ही नगसंख्या नव्हे’ असं वाक्य. बिलावरचा ‘पेंटिंग’ शब्दही काढून ‘छापील चित्र’ करायला लावला. कस्टम्सच्या वर्गवारीत हाताने रंगवलेलं चित्र ९७०१ क्रमांकाखाली जातं, छापील चित्र ४९११ खाली. हा घोळ पुढे झालाच असता. दुसऱ्या दिवशी ड्यूटीचं बिल आलं, तिसऱ्या दिवशी पार्सल हललं. कबूल करते, अक्षरी-अंकी जुळत नाही म्हणून मीही आयुष्यभर लोकांचे चेक परत केले.

नळी घरी आली की लगेच ओढून काढू नका. हात धुऊन, कोरडे करून, अलगद सोडवा आणि दोन दिवस सपाट राहू द्या. फ्रेमवाला प्लायवर चिकटवतो म्हणाला, मी जवळजवळ ओरडलेच. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाची खळ, बास. सेलोटेप अजिबात नको. पुढे आम्लरहित माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, हवंच, नाहीतर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटतं. आणि हो, आकार! रॉथ्कोला बघणारा अगदी जवळ उभा राहायला हवा असे. मी पैसे वाचवायला दोन फुटी घेतलं. जरा मोठं घ्यायला हवं होतं.

चित्र बैठकीच्या आतल्या भिंतीवर आहे, बाहेरच्या भिंतीला ओल येते. काल सहज ट्रॅकिंग उघडलं. एक नग पोहोचला, साठ प्रतीक्षेत.