टक् म्हणते आणि गप्प बसते

‘लाइट कडक, हॉर्न कडक, बॅटरी नवी, सेल्फ पण परवाच करून आणलाय. आणि चावी फिरवली की टक् म्हणते आणि गप्प बसते. मेस्त, तू आत्ताच्या आत्ता ये.’

मेस्त म्हणजे मेकॅनिक, तो मी. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. फोन ठेवायच्या आत काकांनी तारीख पण ऐकवली, ३१ जुलै. गोव्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदी उठायच्या आदल्या संध्याकाळी मालीमच्या मासेमारी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. ट्रॉलरवर बर्फ, डिझेल, तांदूळ, कांदे, सगळं एकदमच चढत असतं. काकांची पिकअप बर्फाची. तिची पहिली खेप चुकली तर बोटवाला दुसरी गाडी बघणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक अख्ख्या हंगामात परत येत नाही.

काका बेतीला राहतात, माझं गॅरेज वर पर्वरीत. गाडी वीस वर्षांच्या पुढची, डिझेल, ना सेन्सर ना कॉम्प्युटर. अशा गाडीचं मला बरं वाटतं. ती खोटं बोलत नाही, फक्त नीट विचारावं लागतं.

अंगण रस्त्यापेक्षा खाली, तीन बाजूंना चिऱ्यांची भिंत. म्हणजे धक्का मारून बघायचा मार्ग बंद. शेजारची चार पोरं हात झाडत उभी होतीच.

मी आधी बोनट उघडलंच नाही. हेडलाइट लावून काकांना सेल्फ मारायला सांगितलं. टक्. टक्. लाइट मात्र जराही मंद झाला नाही. माझ्यासाठी निम्मं काम तिथंच झालं. बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ मारताच लाइट पिवळा पडतो, कधी विझतोच. सेल्फ आतून जाम असेल तरी करंट ओढतो आणि लाइट बसतो. इथं दोन्ही नाही. बॅटरीत ताकद आहे, पण ती सेल्फपर्यंत जात तरी नाही किंवा परत तरी येत नाही.

मल्टिमीटर बॅटरीवर लावला. सेल्फ न मारता १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना चांगली बॅटरी पण १० च्या आसपास खाली येते, ही १२ सोडायला तयार नाही. मग एक तार इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. या दोघांत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत फरक पाहिजे. आकडा उडाला तो ८ च्या वर! बाराचे आठ वाटेतच खाल्ले, तर सेल्फ काय फिरणार? आतला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर ओढला जाणारा स्विच, कसाबसा ओढला जातो, टक् करतो आणि सोडून देतो.

नुसती बॅटरी तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. लोड नसताना सडका जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

तेवढ्यात वास आला, जळक्या प्लास्टिकचा. रेस केबल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची तार, तिच्यावरचं काळं आवरण एका जागी फुगून चकचकीत झालं होतं. बोट लावलं तर चटकाच. तिथं सगळा उलगडा झाला. इंजिन चॅसिसवर बसतं ते रबरी फाउंडेशनवर, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते अधांतरीच. त्याला चॅसिसशी जोडते ती तांब्याच्या जाळीची एक पट्टी, अर्थिंगची. सेल्फचा शेकडो अँपियर करंट तिथूनच परत जायचा. ती वाट बंद झाली की करंट मिळेल तिथून घुसतो. इथं त्याला सापडली ती बिचारी रेस केबल: एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला पेडल. दिवाळीतल्या फुलबाजीच्या तारेएवढी जाड, ती सेल्फचा भार काय घेणार? तापली फक्त. लाइट, हॉर्न यांचं अर्थिंग बॉडीला, म्हणून ते ठणठणीत.

‘काका, बंदीत गाडीखाली काय काम केलंत?’

‘चॅसिस रंगवून घेतली ना. मासळीचं पाणी गळून गळून पार खाल्लेली. घासून दोन हात काळा रंग मारला, इथंच अंगणात.’

खाली शिरलो. काम झकास होतं, खोटं कशाला बोलू! पट्टीचा बोल्ट काढून, त्या जागेवर पण रंग चोपडून, वर पट्टी पुन्हा घट्ट आवळलेली. रंगाच्या दोन थरांवर. त्यानंतर गाडी सुरू करायची वेळ आलीच नव्हती, म्हणून रंगाचा आणि या टक्-टकीचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? बॅटरी पडून पडून उतरलेली होतीच, ती बदलली. मग सेल्फ खोलला.

आधी जंपर केबलनं बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनला लावून बघितला. सेल्फ गरगर फिरला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग रंग खरवडून, पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं. पट्टीची टोकं हिरवी भुकटी झालेली, म्हणून तिच्या जागी बॅटरीची जाड केबल बसवली.

गाडी मात्र सुरू झाली नाही. सायलेन्सरमधून धुराचा टिपूस नाही, म्हणजे डिझेलच येत नव्हतं. धक्का मारला असता तरी फुकट गेला असता. फिल्टरखालचा स्क्रू सोडला तर आधी पाणीच आलं. हातपंप मारत एअर काढली, फेस संपून डिझेलची सलग धार लागली, आणि पुढच्या सेल्फला इंजिन खोकत खोकत उठलं.

आता खरं भांडण. काका म्हणाले, ‘बर्फ तेवढा टाकून येतो, केबल उद्या बघू.’ मी चावी काढून खिशात घातली. आतली तार आवरणाला चिकटून जात होती. दाबलेली रेस परत यायला वेळ घेत होती. भरल्या गाडीला पर्वरीच्या उतारावर रेस अडकली तर खाली कोण कोण उभं असेल? पोऱ्याला स्कूटरवर म्हापशाला पिटाळलं. मिळाली ती केबल थोडी लांब होती, तिला एक वळसा देऊन बसवली.

केबल येईपर्यंत काकांनी रंगाऱ्याला फोन लावला आणि त्याची सात पिढ्यांची विचारपूस केली. स्पीकरवर तो शांतपणे म्हणाला, ‘मग ती जागा काय गंजायला सोडू?’ त्याचंही खरं होतं. मी बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस भरपूर थापलं.

अंधार पडता पडता गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला आले तेव्हा काकांनी सांगितलं, बर्फाच्या कारखान्यावर आणि धक्क्यावर मिळून रात्रभर त्यांनी इंजिन बंद म्हणून केलं नव्हतं.