कुणाची ही फाईल?

रिअ‍ॅक्टचं (वेबसाइटचे भाग बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) चार वर्षं चाललेलं कुठलंही प्रोजेक्ट उघडा. ‘हेडर’, ‘हेडरन्यू’, ‘हेडरफायनल’ अशी भावंडं शेजारीशेजारी सापडतात. वापरात एकच. कोणतं, हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी बदलून गेलेला. बाकीच्यांना हात लावायला कुणी धजत नाही, कारण फाईल ठेवली म्हणून बोलणी बसत नाहीत, काढली तर बसतात.

साइट बघणाऱ्याला त्यांचा सहसा जाच नसतो. कोडच्या फायली एकत्र बांधणारी टूल्स, व्हीट काय किंवा वेबपॅक काय, सुरुवातीच्या फाईलपासून इम्पोर्टचं (एका फाईलने दुसरीला बोलावण्याचं) बोट धरून पुढे जातात. वाटेत न भेटलेली फाईल बंडलमध्ये, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या गाठोड्यात, येतच नाही. जाच आपल्याला. बटणाचा रंग बदलायचा असतो, भलत्याच हेडरमध्ये बदल होतो आणि स्क्रीन ढिम्म.

नाव टाकून शोधणं भरवशाचं नाही. ‘बटन’ शोधलं की ‘आयकॉनबटन’ही येतं, फाईलचं नाव ‘इंडेक्स’ असलं तर इम्पोर्टमध्ये नुसतं फोल्डरचं नाव दिसतं. ‘कुणीच इम्पोर्ट न केलेल्या फायली’ काढल्या तरी फसगत होते. दोन मेलेल्या फायली एकमेकींना इम्पोर्ट करत असतील तर दोघी सुटतात: लग्नात दोन आगंतुकांनी एकमेकांची ओळख पाहुणा म्हणून करून द्यावी, तसं.

म्हणून चौकशी दारापासून, म्हणजे सुरुवातीच्या फाईलपासून, सुरू करायची. क्निप हे टूल तेच करतं. पॅकेज-जेसन (प्रोजेक्टची माहिती आणि पॅकेजांची यादी असलेली फाईल) असलेल्या फोल्डरमध्ये ‘एनपीएक्स क्निप’ ही कमांड चालवली की न वापरलेल्या फायलींची यादी येते. पहिली यादी पाहून लगेच कुऱ्हाड चालवू नये. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट), एखादी सुटी स्क्रिप्ट अशी काही दारं क्निपला माहीतच नसतात. ती क्निपच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाईलमध्ये) ‘एंट्री’ म्हणून लिहायची आणि पुन्हा चालवायचं. यादी आखडते. फक्त स्वतःच्या टेस्टसाठी जगणाऱ्या फायली पकडायला क्निपचा प्रॉडक्शन मोड वेगळा.

तरी चकवे उरतातच. आयकॉनच्या फाईलचं नाव चालू प्रोग्राममध्ये तुकडे जोडून तयार होत असेल, तर नुसता कोड वाचणाऱ्या टूलला ते कळणार कसं? पब्लिक फोल्डर तर सगळ्यात अवघड. व्हीट ते जसंच्या तसं डिस्टमध्ये, म्हणजे तयार साइटच्या फोल्डरमध्ये, उतरवतं, आणि तिथला एखादा लोगो फक्त ग्राहकांना जाणाऱ्या ईमेलमध्ये वापरलेला असतो. कोडमध्ये त्याचा मागमूस नाही. तिथे सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणती फाईल मागितली गेली याच्या नोंदी, बघावे.

फायली काढताना कमिट (गिटमधली बदलांची नोंद) फक्त काढण्याची ठेवावी, दुसरा बदल मिसळू नये. काही बिघडलं तर तेवढीच उलटवता येते. क्निप न वापरलेली पॅकेजंही (बाहेरून आणलेला तयार कोड) दाखवतं. मोह होतो, पण आधी फायली, मग पॅकेजं. उलट केलं तर टाइपस्क्रिप्ट (कोडमधले प्रकार तपासणारं टूल) त्या मेलेल्या फाईलही तपासतं, पॅकेज सापडत नाही म्हणून लाल होतं, आणि कुणीतरी घाईघाईने ते परत इन्स्टॉल करतं.