विना नांगरटीचं सोयाबीन आणि आमचा गट : माझा अनुभव

बरेच जण फोन करून विचारतात की नांगरट बंद केली तर उतारा, म्हणजे एकरी पीक, किती पडला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, उताऱ्याचं उत्तर दोन ओळीत संपतं, खरी भानगड दुसरीकडंच आहे. नांगर न घालणं काही अवघड नाही हो, ट्रॅक्टरवाल्याला फोन नाही केला की झालं. अवघड आहे ते शेजारच्या, खालच्या आणि वरच्या रानवाल्याला सोबत घेणं, कारण हे एकट्यादुकट्याचं काम नाही असं माझं आता पक्कं मत झालंय.

आमचं गाव औसा तालुक्यात. रान काळं आहे पण चढउताराचं, पाणी सगळं ओढ्याकडं पळतं. आमच्या वडलांच्या काळात बैलावर वखर-पाळी व्हायची, नांगर दोन-चार वर्षांतून एकदा लागायचा. ट्रॅक्टर आला तसं दरसाल पल्टी नांगर, मग मोगडा, मग रोटाव्हेटर, माती पिठासारखी करून ठेवायची आणि मृगाच्या पहिल्याच मोठ्या पावसात ती ओढ्याला जाताना बांधावर उभं राहून बघायची. नुस्त्या मशागतीत एकरी चार-पाच हजार जातात ते वेगळंच. माती परीक्षण केलं तर सेंद्रिय कर्ब जवळपास सगळ्यांचाच अर्ध्या टक्क्याच्या खाली.

एसआरटी (सगुणा राईस टेक्निक) हे नाव पोकराच्या, म्हणजे सरकारच्या कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, कामामुळं इकडं बऱ्याच जणांनी ऐकलेलं होतं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची ही पद्धत, मूळची भातासाठीची. बेड, म्हणजे मातीचे उंच वाफे, एकदाच पाडायचे आणि परत मोडायचे नाहीत, पीक वरून कापायचं, मुळ्या जमिनीतच कुजू द्यायच्या, तण तणनाशकानं मारायचं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर पण कित्येक वर्षांपासून विना नांगरणीचं सांगतेत. तरी आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, कोकणातली माती वेगळी, पाऊस वेगळा, आपल्या काळ्या रानात कसं जमायचं? मला विचाराल तर उलट काळं रान यासाठी बरं, उन्हाळ्यात भेगा पडून ते स्वतःच खोलवर मोकळं होतं, आपण उगं डिझेल जाळून तेच काम परत करतो.

यूट्यूबवर बघता बघता ब्राझीलचं कळलं. तिथं पराना राज्यात १९७२ ला हर्बर्ट बार्ट्झ नावाच्या शेतकऱ्यानं धुपीला कंटाळून नांगर सोडला आणि १९७९ ला तिथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन चक्क गांडूळ क्लब काढला. ते पण सोयाबीनवालेच! ही गोष्ट मी मारुतीच्या पारावर सांगितली तर लोकं हसले, पण त्यातूनच एकत्र बसून गट करायचं ठरलं.

गट आत्माकडं, म्हणजे शेतकरी गट नोंदवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडं, नोंदवला, बँकेत खातं काढलं, महिन्याची बचत लावली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, कागदं होऊन जातात. नियम एकच ठेवला की कुणीही पहिल्या साली एक एकराच्या वर करायचं नाही. तरी सगळ्यात मोठा अडथळा निघाला तो पाहुण्यांचा. आमच्यातले एक नाना स्पष्ट म्हणले, "पोराचं लग्न जमायचंय माझ्या. पाहुणे रान बघायला येतेत. रान बिननांगरलेलं दिसलं तर म्हणतील घरच आळशी हाय." यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. मग मी म्हणलं नाना, तुम्ही रस्त्याकडचं नांगरा, आतल्या बाजूचं एक एकर द्या. तसंच झालं!

तणनाशकावरून मात्र गट फुटता फुटता राहिला. दोघं-तिघं विषमुक्तवाले होते, ते म्हणाले रसायनच मारायचं तर कशाला बोंबलायचं माती वाचवा म्हणून. त्यांचं चूक नव्हतं पण हरळी आणि कुंदा ज्याच्या रानात आहे त्यालाच माहीत, नुस्तं खुरपून ते जात नाही. शेवटी दोघं बाहेर पडले, अजूनही चहा सोबत पितो. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून बोलतो, गावातल्या बायांनी थेट विचारलं होतं, "दादा, खुरपण बंद झालं तर आमचा रोज कुठून निघंल?" टोकणीला, म्हणजे भोकं पाडून हातानं बी टाकायला, बाया लागतात हे खरं, पण ते काम थोड्या दिवसांचं. या प्रश्नाचं समाधान आमच्या गटाकडं आजही नाही.

बेड साडेचार फुटाचे पाडले आणि वर सोयाबीन टोकलं. पेरणीयंत्रानं एकरी तीस किलोच्या आसपास बी जायचं, टोकणीत ते बरंच कमी लागलं. वाटलं जमलं आता. आणि मग आल्या गोगलगायी.

२०२२ चा जुलै लातूर, धाराशिव, बीडच्या लोकांना सांगायची गरज नाही. शंखी गोगलगायींनी दोन पानावरचं सोयाबीन रातोरात साफ केलं, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. या गोगलगायी दिवसा पालापाचोळ्याखाली, बांधाच्या गवतात लपतात आणि आमच्या रानात तर आम्हीच त्यांना पाचोळ्याचं घर करून दिलेलं. सगळ्या गावानं आम्हाला धरलं, तुमच्या त्या न नांगरण्यामुळंच झालंय म्हणून. नांगरलेल्या रानात पण होत्याच की, पण ऐकतंय कोण. मग गटानं ठरवलं की फक्त आपलं रान नाही, आख्खं शिवार घ्यायचं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाबांधानं टाकायची, सकाळी उन्हं चढायच्या आत पोत्याखालच्या गोगलगायी गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, बांधाकडंनी चुन्याचा पट्टा ओढायचा. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या पण टाकल्या पण जपून, कुत्री-कोंबड्या खातात. लेकरं, म्हातारी माणसं, सगळे बॅटऱ्या घेऊन रानात. गोगलगाय काही सातबारा बघून येत नाही ना, त्यामुळं आम्हाला शिव्या देणारे पण पोती घेऊन आले. माझ्या हिशोबानं आमचा गट खरा तिथं तयार झाला, आत्माच्या रजिस्टरमध्ये नाही.

बाकीची भांडणं किरकोळ वाटतात पण रोजची आहेत. हरभरा आपल्याकडं उपटतात. आम्हाला मुळ्या जमिनीत पाहिजेत म्हणून इळ्यानं कापा म्हणलं तर गुत्तेवाल्यांनी, म्हणजे ठेक्यानं कापणी करणाऱ्यांनी, जास्तीचा दर मागितला, वाकून खालून कापायला वेळ लागतो, त्यांचं पण बरोबर. एकेकट्यानं बोललो असतो तर दुसऱ्याच दिवशी गुत्तं दुसऱ्याच्या रानात गेलं असतं. गटानं एकच दर ठरवला तेव्हा कुठं जमलं. सुगी संपली की जनावरं मोकळी सुटतात, मेंढरं बसतात, ओल्या बेडवरून म्हशी गेल्या की बेडचं वाटोळं. मेंढराचं खत तर पाहिजे, मग मेंढपाळासोबत बसून ठरवलं की रान वाळल्यावरच कळप घालायचा. बटईनं रान केलेल्यांचा तर वेगळाच तिढा, पुढच्या साली रान आपल्याकडं राहील का हेच ज्याला माहीत नाही तो कायमचे बेड कशाला पाडील? आणि ते मोठे हार्वेस्टर! वापसा नसताना, म्हणजे रान चालण्याजोगं सुकलेलं नसताना, सोयाबीनमध्ये घातले की चाकोऱ्या एवढ्या खोल पडतात की बेड सगळे आडवे.

आता उताऱ्याचं. पहिल्या साली सोयाबीन नांगरलेल्या रानापेक्षा एकरी एखादा कट्टा (पोतं) कमीच पडलं, पण मशागतीचे पैसे वाचले. हरभऱ्यात मात्र फरक दिसला, सोयाबीन निघालं की त्याच ओलीवर लगेच टोकता येतो, नांगर-पाळी करण्यात ओल उडून जायची ती उडत नाही. नंतरच्या सालात सोयाबीन पण बरोबरीला आलं.

२०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात ओढ्याकाठचं सोयाबीन दोन्हीकडं कुजलं, बेड असो की सपाट. खोटं कशाला बोलू. पण उताराच्या रानात आमचे बेड जागेवर होते, सरीतून पाणी निघून गेलं, आणि शेजारच्या रोटाव्हेटर मारलेल्या रानात घळी पडल्या. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं मदत जाहीर केली ते बरंच केलं, पण दरसाल बोटभर माती गुपचूप जाते तिचा पंचनामा कुठला तलाठी करणार. त्यानंतर गटात माणसं वाढली. नानाच्या पोराचं लग्न झालं, रस्त्याकडचं रान नाना अजून नांगरतेत.

सध्या वाद आहे टोकण यंत्राचा. गटाची यंत्रं थोडी आणि मृग बरसला की सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजे. काही जण म्हणतेत चिठ्ठ्या टाका, म्हणजे कुणाचा रुसवा नको. माझं म्हणणं ज्याच्या रानाला आधी वापसा येतो त्याला आधी द्या, माळाचं रान दोन दिवस आधी येतं आणि ओढ्याकडच्या चिबड, पाणी धरून बसणाऱ्या रानात चिठ्ठी निघाली म्हणून यंत्र घातलं तर भोकं चिखलानं बुजतात. पुढच्या बैठकीत मांडणार आहे. दुसऱ्या कुठल्या गटानं हे नंबर कसे लावलेत ते सांगितलं तर बरं होईल.