कॅम निवडला पंधरा मिनिटांत, अ‍ॅक्सलने खाल्ले तीन आठवडे

टेक्सासमधली माझी जुनी पिकअप, 1979 ची शेवरोले सी-10. 350 घनइंची व्ही-8, तीन गिअरची ऑटोमॅटिक. कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, दोन लोब (उंचवटे) झिजून सपाट झाले होते. म्हटलं, इंजिन उघडतोच आहे तर जरा जास्त दमाचा कॅम टाकू.

कॅमवाल्यांचा फॉर्म आला. टायर, वजन, कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती दाबतो ते), सगळं भरलं. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे? ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर 3.08 होता, तोच लिहिला. आठवड्याने उत्तर: आकडे जुळत नाहीत, पुन्हा तपासा. मी तेच पुन्हा पाठवलं, जरा रागातच. आणखी एक आठवडा, तेच उत्तर. फोन केला तर अर्धा तास नुसतं संगीत!

कॅमवालेच बरोबर होते, हे कबूल करायला जिवावर येतं. ताशी 60 मैलांना 2,700 आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हे फॉर्ममध्ये मीच लिहिलं होतं. 28 इंची टायर आणि 3.08 असता तर 2,200 च्या आसपास दिसले असते. आधीच्या कुणा मालकाने अ‍ॅक्सलच बदलला होता. तेव्हा स्टिकरवर जाऊ नका, मोजा. मी आधी दोन्ही मागची चाकं उचलली. एक फिरवलं की दुसरं उलटं फिरे, शाफ्ट जागचा हलेना. मग एकच उचललं, पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला. चाकाचे बरोबर दोन फेरे (दुसरं जमिनीवर अडलेलं, म्हणून एकाऐवजी दोन), शाफ्टवर खडूची खूण. शाफ्टचे पावणेचारला किंचित कमी फेरे. म्हणजे 3.73.

तो कळवला, मग पंधरा मिनिटांत निकाल: 0.050 इंच लिफ्टला (उचलीला) ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा काळ, 204/214 अंश (इनटेक/एक्झॉस्ट). मला बुलेटसारखी धडधड हवी होती, म्हणून मोठा मागून पाहिला. पण कॉम्प्रेशन कमी. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला की कमी आरपीएमची ओढ जाते, व्हॅक्यूम पडून ब्रेकही जड होतो. आणि मला मागे बोट ओढायची असते. गप्प बसलो.

नव्या कॅमवर जुने लिफ्टर (लोबवर टेकून वर-खाली होणारे तुकडे) चालवू नका, सोळाच्या सोळा नवे घ्या. इंजिन सुरू झालं की पहिली वीस मिनिटं 2,000 आरपीएमच्या वरच ठेवायचं, ऑइल झिंकवालं. हो, आणि त्याआधी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून, टायमिंग लावून ठेवा. स्टार्टर घरघरत राहिला तर लोबवर लावलेली वंगणाची पेस्ट तिथेच पुसली जाते.