आरसा धरून विणणारं गाव

लेक संभाजीनगरला फ्रेंच शिकतीय. पॅरिस सोडून कुठल्याही फ्रेंच गावावर चार पानं लिहून आणायची होती. "बाबा, आपल्या पैठणचं भावंड सापडलं," म्हणाली. गावाचं नाव ओब्युसों. उच्चार शिकवता शिकवता तिनं माझा घसा बसवला.

मध्य फ्रान्समध्ये क्रूझ नदीकाठी हे गाव आहे. वस्ती चार हजाराच्या आत, म्हणजे आपल्या नाथषष्ठीच्या गर्दीत कुठल्या कुठं हरवून जाईल. पण पाचशे वर्षांपासून तिथं भिंतीवर टांगायची चित्रं मागावर विणतात, लोकर आणि रेशमाची. गर्द पानाफुलांची चित्रं ही त्यांची खासियत. १६६५ साली चौदाव्या लुईच्या दरबारानं इथल्या मागांना शाही कारखान्याचा मान दिला. त्याच राजानं वीस वर्षांनी, १६८५ मध्ये, प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. कितीतरी विणकर प्रोटेस्टंटच होते. ते जर्मनी-स्वित्झर्लंडकडं निघून गेले, आणि जाताना हातातली कला घेऊन गेले. मान देणारा आणि हुसकावणारा एकच!

रविवारी हे सगळं मामाला वाचून दाखवलं. मामा चाळीस वर्षं पैठणीच्या मागावर. राजाबिजात त्याला रस नाही. "विणतेत कसं, ते सांग."

माग आडवा. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या धाग्यांच्या, खाली रंगीत चित्र ठेवलेलं. विणकर उलट्या बाजूनं विणतो, म्हणजे धाग्यांची टोकं त्याच्याकडं आणि सुलटी बाजू जमिनीकडं. ती बघायची तर छोटा आरसा ताण्याखाली सरकवायचा, आणि तरी दिसतो तो वीतभर तुकडाच. एक चौरस मीटर विणायला साधारण महिना जातो. आख्खं चित्र दिसतं ते कापड कापून मागावरून उतरवतात त्या दिवशी. त्या दिवशी सगळे जमतात.

"बाळंतपणच की रे हे," मामा म्हणाला.

पुढची गोष्ट मात्र त्याला पटली नाही. मधल्या काळात तिथले विणकर तैलचित्रांची नक्कल करायला लागले होते. शेकडो छटा, वेळ अफाट, किंमत त्याहून अफाट. धंदा बसला. १९३९ मध्ये झाँ लुर्सा नावाचा चित्रकार गावात आला. त्यानं रंग मोजकेच ठेवले, चित्रावर प्रत्येक रंगाला आकडा दिला आणि वीण जाड केली. काम झपाट्यानं व्हायला लागलं, मागांना पुन्हा ऑर्डरी यायला लागल्या. २००९ मध्ये युनेस्कोनं या विणकामाला मानवजातीचा वारसा म्हटलं. (आपल्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१० ला. एक वर्ष मागं, बस्स.)

मामा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "रंग कमी करून पोट भरतंय, खरंय. पण मोराच्या मानेचं काय करायचं?"

पदरावर अर्धा मोर झाला होता. त्याच्या एकट्याच्या रंगीत धाग्यांच्या कांड्या मी मोजल्या. अकरा भरल्या.